वेगवान मेमरीची निवड आणि वर्ध्याचा उन्हाळा

प्रोसेसरला लागणारी माहिती तात्पुरती साठवणाऱ्या भागास रॅम म्हणतात. तिची निवड करताना केवळ वेगाचा आकडा, म्हणजे एका सेकंदातील माहिती-हस्तांतरांची दशलक्षांतील संख्या, पाहणे पुरेसे नसते. मागणीपासून माहिती मिळू लागेपर्यंतचा विलंब 'सीएल' या आकड्यावरून कळतो. त्यास 2000 ने गुणून वेगाने भागल्यास तो नॅनोसेकंदांत मिळतो. त्यानुसार डीडीआर5 प्रकारातील 6000 वेगाच्या सीएल 30 आणि 7200 वेगाच्या सीएल 36 मेमरीचा विलंब सारखाच, 10 नॅनोसेकंद, ठरतो. दुसरीची वहनक्षमता मात्र अधिक असते.

वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जात असल्याने येथे उष्णतेचा विचार अटळ ठरतो, कारण मेमरीच्या चिपचे तापमान 85 अंशांपलीकडे गेल्यास साठवलेला विद्युतभार टिकवण्यासाठीचे पुनर्भरण दुप्पट वेळा करावे लागते आणि उच्च वेगावर चुका होण्याचा संभवही वाढतो. म्हणून एकाच संचातील दोन पट्ट्या घ्याव्यात, मदरबोर्डच्या मान्य यादीत त्या असल्याची खात्री करावी, बायोसमधील एक्सएमपी किंवा एक्स्पो ही वेगाची नोंद सुरू करावी आणि कॅबिनेटमध्ये हवा खेळती ठेवावी. या जिल्ह्यात कमाल वेगापेक्षा स्थिर वेग अधिक मोलाचा आहे.