स्लॅबमधली भोके

नीट घातलेला काँक्रीटचा स्लॅब खालच्या मजल्यावरची आग दोन तास अडवू शकतो. पण त्याच स्लॅबमधून ड्रेनेजचे पाइप, विजेच्या केबल आणि एसीच्या तांब्याच्या नळ्या वर जातात. त्यांच्याभोवती दोन बोटांची फट राहिली, तरी धुराला तेवढी वाट पुरते. इलेक्ट्रिक डक्टमध्ये अशी फट मजल्यागणिक राहिली, तर तो डक्ट म्हणजे धुराडेच.

13 फेब्रुवारी 1975 रोजी न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या उत्तर मनोऱ्यात अकराव्या मजल्यावर आग लागली. टेलिफोन केबलसाठी स्लॅबमध्ये ठेवलेली भोके बुजवलेली नव्हती. त्यांतून ती वरखालच्या मजल्यांवर पोचली. पुढच्याच महिन्यात, 22 मार्चला, अलाबामातल्या ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्रात उलटा प्रकार घडला. तिथे भिंतीतली केबलची फट फोमने बुजवली होती. हवा कुठून गळते हे पाहायला कामगाराने तिच्याजवळ मेणबत्ती धरली. ज्योत आत ओढली गेली, फोम पेटला आणि सोळाशेच्या आसपास केबलींचे नुकसान झाले. फट बुजली म्हणजे आग अडली असे नव्हे. आपल्याकडे सर्रास मारला जाणारा साधा पीयू फोमही पेटतोच.

भोकातून काय जाते, त्यावर भरायचे काय ते ठरते. लोखंडी पाइप वितळून भोक मोकळे करत नाही, त्याच्याभोवती रॉकवूल ठासून वर अग्निरोधक सीलंट लावतात. पीव्हीसीचा पाइप आगीत मऊ होऊन गळून पडतो आणि पाइपाएवढे भोक उघडे राहते. म्हणून त्याला स्लॅबच्या खालच्या अंगाने धातूची कॉलर बसवतात. तिच्या आतला थर तापला की कित्येक पट फुगतो आणि मऊ पडलेला पाइप आवळून वाट बंद करतो. केबल पुढे वाढतच जातात. तिथे काढता-घालता येणाऱ्या, उष्णतेने फुगणाऱ्या पिशव्या सोयीच्या.

सीलंटच्या डब्यावरच्या ‘दोन तास’ या छापाला एकट्याने अर्थ नसतो. आयएस 12458 नुसार भट्टीवर चाचणी होते ती पाइप, फट आणि भरण या सगळ्या जोडणीची. यातले काही बदलले की तो निकाल लागू पडत नाही.

राष्ट्रीय इमारत संहिता 2016 प्रमाणे डक्ट प्रत्येक मजल्याच्या पातळीवर असे बंद हवेत. इमारत ताब्यात देताना ते असतातही. नंतर इंटरनेटवाला येतो, भरण उचकटतो, वायर ओढतो आणि निघून जातो. महाराष्ट्रात 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्याने दर जानेवारी आणि जुलैत अग्निसुरक्षा यंत्रणेचे प्रमाणपत्र द्यावे लागते. सोसायटीने त्याच वेळी डक्टही उघडून पाहावेत. केबलला हात न लावता वरून टॉर्च मारावा. खालच्या मजल्यावर उजेड पडला, तर भोक उघडे आहे.