देवनागरीवरचा आळ आणि संगणकाची साक्ष

जुन्या मराठी ग्रंथांच्या शब्दसूच्या आपण संगणकावर करू लागल्यापासून एक सल्ला वारंवार कानी पडतो : 'देवनागरी जड आहे. मजकूर रोमीत टाका, काम झटपट होईल.' सल्ला देणारे मराठीचे वैरी नसतात. बहुधा ते संगणकाचे जाणकार असतात आणि त्यामुळेच आपण भाषेची माणसे त्यांच्यापुढे गप्प बसतो. गोव्यात तर या सल्ल्याला वेगळीच धार आहे. फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले ते रोमी लिपीत, कारण देवनागरीचे खिळे उपलब्ध नव्हते. आज तशी अडचण उरलेली नसताना केवळ 'जड आहे' या समजुतीवर लिपी बदलायची का? या प्रश्नाला अभिमानाने उत्तर देण्याआधी यंत्राची साक्ष काढावी, असे मला वाटते. ती काढण्याची साधने लिनक्सवर फुकट मिळतात. त्यांचे वाचन कसे करावे, हे साहित्याच्या अभ्यासकांसाठी येथे मांडतो.

हाक म्हणजे काय

आपण लिहिलेला किंवा वापरलेला कोणताही प्रोग्राम थेट डिस्कला हात लावू शकत नाही. फाइल उघडायची, वाचायची, पडद्यावर काही लिहायचे, जास्त स्मृती हवी असे काहीही असले तरी त्याला गाभ्याला, म्हणजे कर्नेलला, विनंती करावी लागते. या विनंतीला 'सिस्टिम कॉल' म्हणतात. मराठीत मी तिला 'हाक' म्हणतो. ग्रंथालयात वाचक स्वतः कपाटाकडे न जाता ग्रंथपालाकडे चिठ्ठी देतो, तसाच हा व्यवहार आहे. ग्रंथपालाकडच्या चिठ्ठ्या चाळल्या, तर वाचकाने दिवसभर काय मागितले ते कळते.

'एस-ट्रेस' हे साधन या चिठ्ठ्या दाखवते. पॉल क्रानेनबर्ग यांनी ते १९९१ मध्ये सन-ओएससाठी लिहिले. पुढे ते लिनक्सवर आले. प्रोग्राम चालवण्याच्या आज्ञेआधी याचे नाव लिहायचे, एवढेच. मग दर ओळीला एक हाक दिसते : आधी हाकेचे नाव, कंसात तिचा तपशील आणि शेवटी कर्नेलचे उत्तर. सगळी यादी नको असेल तर 'सी' हा पर्याय द्यावा. तेव्हा कोणती हाक किती वेळा मारली गेली, याचा तक्ता मिळतो.

या यादीत पहिल्यांदा देवनागरी मजकूर शोधणारे विद्यार्थी दचकतात. तेथे 'म' दिसत नाही. ३४०, २४४, २५६ असे तीन आकडे दिसतात. मजकूर बिघडलेला नसतो. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांनी लिहिले जाते आणि एस-ट्रेस ते बाइट अष्टमान पद्धतीत छापतो.

पानांची गैरहजेरी

दुसरी गोष्ट स्मृतीची. संगणक स्मृतीची वाटणी पानांमध्ये करतो. आपल्या नेहमीच्या संगणकांवर एक पान ४,०९६ बाइटांचे असते. देवनागरीची १,३६५ चिन्हे त्यात मावतात. प्रोग्रामने एखाद्या पानाला हात घातला आणि ते त्याच्या खात्यावर नसले, की 'पेज फॉल्ट' घडतो. शब्दशः भाषांतर करून याला 'दोष' म्हणू नये, कारण त्यात कुणाची चूक नसते. 'पान-गैरहजेरी' हा शब्द मला जवळचा वाटतो. गैरहजेरी दोन प्रकारची. मुलगा शाळेच्या आवारात आहे, फक्त वर्गात आलेला नाही, ही किरकोळ. पान स्मृतीत असते किंवा कोरे पान लगेच देता येते. नोंद केली की काम भागते. मुलाला घरून बोलावून आणावे लागले, तर ती मोठी. येथे पान डिस्कवरून आणावे लागते आणि प्रोग्राम तोवर खोळंबतो.

ही गैरहजेरी 'पर्फ ट्रेस' दाखवतो. तो हाका तर नोंदवतोच, पण मोठ्या लिपीतल्या 'एफ' या पर्यायापुढे 'ऑल' लिहिले तर गैरहजेऱ्याही नोंदवतो. 'मेज' लिहिले तर फक्त मोठ्या, 'मिन' लिहिले तर किरकोळ. प्रत्येक ओळीत प्रोग्रामच्या कोणत्या जागेवरून, कोणत्या फाइलमधले किंवा स्मृतीतले कोणते ठिकाण मागितले गेले, ते असते. एस-ट्रेस प्रत्येक हाकेला प्रोग्राम थांबवतो, म्हणून त्याच्या सोबतीने प्रोग्राम बराच मंद चालतो. त्यातले वेळाचे आकडे खरे मानू नयेत. पर्फ ट्रेसचा भार त्या मानाने हलका असतो, मात्र त्याला बहुधा प्रशासकाची परवानगी लागते.

आळाची तपासणी

आमच्या विभागात ख्रिस्तपुराणाची शब्दसूची करण्यासाठी एका विद्यार्थ्याने पायथनमध्ये प्रोग्राम लिहिला होता. तो फार रेंगाळत असे आणि दोष अर्थातच देवनागरीवर आला. आधी कागदावर हिशेब केला. या ग्रंथात सुमारे ११,००० ओव्या. एका ओवीत शंभर चिन्हे धरली तर तीन बाइटांच्या हिशेबाने ३३ लाख बाइट, म्हणजे सुमारे ८०६ पाने. रोमीत हे तिसऱ्या हिश्श्यावर येईल असे वाटते, पण तसे होत नाही. 'मराठी' या शब्दात देवनागरीची पाच चिन्हे, १५ बाइट. रोमीत तोच शब्द सात अक्षरांचा, सात बाइटांचा. म्हणजे बचत जेमतेम निम्मी, चारशे-साडेचारशे पानांची. चार जीबी स्मृतीच्या साध्या संगणकात अशी दहा लाखांहून अधिक पाने असतात.

मग यंत्राला विचारले. पर्फ ट्रेसमध्ये मोठ्या गैरहजेऱ्या दिसल्या त्या संगणक सुरू केल्यानंतरच्या पहिल्या फेरीत, आणि त्याही मुख्यतः पायथनच्या स्वतःच्या फाइलींच्या. दुसऱ्या फेरीत त्या जवळजवळ नाहीशा झाल्या, कारण पाने स्मृतीत येऊन बसली होती. प्रोग्राम मात्र तेवढाच मंद राहिला. म्हणजे अडचण पानांची नव्हती. एस-ट्रेसच्या यादीत खरे कारण सापडले : उघड, वाच, बंद कर, उघड, वाच, बंद कर. ग्रंथातल्या प्रत्येक शब्दासाठी कोशाची फाइल नव्याने उघडून अथपासून इतिपर्यंत वाचली जात होती. तोच मजकूर आणि तोच कोश रोमीत करून चालवला, तेव्हा फाइल उघडण्याच्या हाकांची संख्या तेवढीच निघाली. शब्द तितकेच असल्यावर ती बदलणार कशी? कोश एकदाच उघडून स्मृतीत ठेवायची दुरुस्ती केली आणि सूची देवनागरीतच, कुणाला वाट पाहायला न लावता, तयार होऊ लागली.

मर्यादा

या साक्षीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. प्रोग्रामने मनातल्या मनात केलेली आकडेमोड हाकांच्या यादीत दिसत नाही. जोडाक्षरे आणि वेलांट्या पडद्यावर जुळवायला रोमीपेक्षा जास्त काम पडते, हे खरे आहे. ते मोजायचे तर 'पर्फ रेकॉर्ड' हे वेगळे साधन घ्यावे लागते. शिवाय एस-ट्रेसच्या नोंदीत लिहिला-वाचलेला मजकूरही उतरतो, तेव्हा पासवर्ड किंवा खासगी पत्रव्यवहार असलेली नोंद कुणाला पाठवू नये.

पाठचिकित्सा शिकवताना आपण विद्यार्थ्यांना सांगतो की पोथीच्या कीर्तीवर जाऊ नका, पाठ पाहा. संगणकाच्या बाबतीतही तीच शिस्त लागू पडते. यापुढे तुमच्या विभागात कुणी 'देवनागरीमुळे मंद चालते' असे म्हणाले, तर वाद घालू नका. हाकांचा तक्ता मागा. तो काढायला मिनिटभर पुरते. तक्त्यात लिपीचा दोष निघाला तर तो मान्य करावा. पण तक्ता पाहिल्याशिवाय एकाही ग्रंथाची लिपी बदलू देऊ नये.