‘कॉलेज कुठले?’ हे मी आधी विचारले

येरवड्यात आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारची वंदना झाली की तासभर चर्चा चालते. एका रविवारी मोटारपंप दुरुस्तीची कामे करणारा एक तरुण खोक्यात लहानसे यंत्र घेऊन आला. ते वायरिंगला जोडले की घरचे वीजबिल निम्म्यावर येते, असा त्याचा दावा. विहाराचा पंप चालू करून त्याने क्लॅम्प मीटर लावून दाखवला. यंत्र जोडताच करंट खरोखरच उतरला.

लगेच दोन तट पडले. एक तट म्हणाला, आपल्या समाजाचा पोरगा आहे, प्रस्थापितांनी दाबून टाकण्याआधी आपण त्याचा सत्कार करू. दुसरा म्हणाला, दहावी नापास पोराला काय कळते? मी वकील, साक्षीदार तपासण्यात उमेदीची वर्षे घालवलेला. मी काय विचारावे? “कॉलेज कुठले तुझे?” पोरगा गप्प झाला. घरी आल्यावर माझी मलाच लाज वाटली. आपल्या बापजाद्यांना या देशाने शतकानुशतके हाच प्रश्न विचारला. कॉलेजच्या जागी जात होती, एवढाच फरक.

न्यायालय सुद्धा असे वागत नाही. तज्ज्ञाचे मत पुराव्यात घेण्याची तरतूद 1872 च्या पुरावा कायद्यात कलम 45 मध्ये होती. 1 जुलै 2024 पासून ती भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 39 मध्ये आहे. पण मत घेणे वेगळे आणि मानणे वेगळे. हिमाचल प्रदेश राज्य विरुद्ध जय लाल या 1999 च्या निकालात, सफरचंदांवरच्या रोगाच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की तज्ज्ञाची विश्वासार्हता त्याने दिलेल्या कारणांवर आणि पुढे ठेवलेल्या माहितीवर अवलंबून असते. नावापुढच्या पदव्या साक्षीदाराला पिंजऱ्यापर्यंत आणतात. पुढे त्याला कारणेच द्यावी लागतात.

पुण्याचेच उदाहरण घ्या. ‘भगवान बुद्ध’ लिहिणारे धर्मानंद कोसंबी आपल्याला परिचित आहेत. त्यांचे चिरंजीव दामोदर कोसंबी फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत. गुणसूत्रावर दोन जनुके एकमेकांपासून किती अंतरावर आहेत, हे काढण्याचे एक सूत्र त्यांनी 1944 साली मांडले. माणूस गणिताचा, आणि लेख जेमतेम चार पानांचा. तरी इंग्लंडच्या जर्नलने तो छापला, आणि जनुकांचे नकाशे काढणारे शास्त्रज्ञ आजही ते सूत्र कोसंबींच्याच नावाने वापरतात. आदल्याच वर्षी भारतीय जर्नलमध्ये त्यांनी मांडलेली दुसरी एक पद्धत मात्र पुढे कारहुनेन आणि लोएव्ह या युरोपीय गणितज्ञांच्या नावाने जगभर गेली.

इथवरची गोष्ट सांगायला आपल्याला आवडते. पुढची कोणी सांगत नाही. रीमान या जर्मन गणितज्ञाचे 1859 पासून अडलेले गृहीतक आपण सिद्ध केले, असा दावा याच कोसंबींनी 1959 साली केला. तोही शेतीविषयक संख्याशास्त्राच्या जर्नलमध्ये. सिद्धतेत फट होती. ते गृहीतक आजही सिद्ध झालेले नाही. कोसंबींचे नाव मोठे होते, म्हणून ती फट बुजली नाही. त्यांची टिंगलही झाली. 1962 साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली त्यांची नोकरी संपली, त्यामागे इतरही कारणे होती. पण त्या चुकीने 1944 चे सूत्र खोटे पडले का? आणि ते सूत्र खरे, म्हणून 1959 ची सिद्धता खरी मानायची का? कोसंबी जन्माने ब्राह्मण आणि विचाराने मार्क्सवादी. तेवढ्यावरून त्यांचे गणित नाकारणारे आणि डोक्यावर घेणारे, दोघेही मला आपल्याच बैठकांत भेटले आहेत.

कालाम सुत्त आपण विहाराच्या भिंतीवर लावतो. त्यात परंपरा आणि ग्रंथ यांच्या जोडीने आणखी एक गोष्ट नाकारली आहे, ती आपण भरभर वाचून पुढे जातो: सांगणारा आपला गुरू आहे, एवढ्यावरून मानू नका. तथागतांनी यातून स्वतःलाही वगळलेले नाही. मग ‘आपला माणूस’ कुठून सुटला?

पुढच्या रविवारी मी त्या तरुणाची सर्वांसमोर माफी मागितली आणि चाचणी सुचवली. विहाराची टाकी रिकामी करून चार वेळा भरायची, दोनदा यंत्र लावून, दोनदा काढून. दर वेळी किती युनिट पडले ते लिहायचे. आकडे त्यानेच फळ्यावर लिहिले. चारही वेळा युनिट जवळपास सारखेच पडले. खोक्यात कपॅसिटर होता. त्याने वायरमधला करंट उतरतो हे त्याचे निरीक्षण बरोबर होते. पण घरचे बिल अँपिअरवर लागत नाही, प्रत्यक्ष खर्चलेल्या युनिटवर लागते.

सत्कारवाले हिरमुसले. दुसऱ्या तटातले एक काका म्हणाले, “मी सांगत नव्हतो?” त्यांनी काहीच सांगितले नव्हते, फक्त दहावी काढली होती. पोराने मात्र फळ्याकडे बघत विचारले, “सर, मग हे कुठे चालेल?” विहारातल्या एका निवृत्त वायरमनने सांगितले की मोठ्या कारखान्यांच्या बिलात पॉवर फॅक्टरचा हिशोब असतो, आणि तिथे असे कपॅसिटर आधीपासून बसवतात. त्याने खोके बंद केले आणि तशा एका कारखान्याचे बिल बघायला मिळेल का, म्हणून त्या वायरमनच्या मागे लागला.