मुक्त सॉफ्टवेअर आणि त्याचे मोल

लोहाराने एक फाळ घडविला आणि दुसऱ्या शेतकऱ्याने तसाच मागितला, तर पुन्हा तेवढेच लोखंड, तेवढाच कोळसा आणि तेवढेच श्रम लागतात. वस्तूची किंमत ठरविण्याची आपली रीत या अनुभवातून आली आहे. संगणकाच्या सॉफ्टवेअरला मात्र ती लागू पडत नाही. सॉफ्टवेअर म्हणजे संगणकाने कोणते काम कोणत्या क्रमाने करावे हे सांगणारी आज्ञांची मालिका. ती प्रथम रचण्यात अनेक माणसांची वर्षे खर्ची पडतात. परंतु एकदा रचल्यावर तिची दुसरी प्रत काढण्यास जवळजवळ काहीच खर्च येत नाही. मग ग्राहकाने पैसे मोजावयाचे ते कशाचे?

या प्रश्नाचे उत्तर काळानुसार बदलत गेले. आरंभी सॉफ्टवेअर बहुधा यंत्राबरोबरच मिळत असे. १९६९ साली आयबीएम या अमेरिकन कंपनीने यंत्र व सॉफ्टवेअर यांचे दर निराळे करण्याचे जाहीर केले. पुढे प्रत वापरण्याचा परवाना विकणे हाच एक मोठा व्यवसाय झाला. परवाना घेणाऱ्यास मूळ संहिता, म्हणजे माणसाला वाचता येईल अशा रूपातील आज्ञा, सहसा पाहावयास मिळत नसत.

या रीतीस रिचर्ड स्टॉलमन यांनी आव्हान दिले. १९८३ साली त्यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. सॉफ्टवेअर हवे तसे चालविण्याची, ते अभ्यासून बदलण्याची, त्याच्या प्रती वाटण्याची आणि सुधारलेली प्रत इतरांस देण्याची मोकळीक प्रत्येकास असावी, असे त्यांचे म्हणणे. इंग्रजीत ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ या दोन्ही अर्थांना एकच शब्द असल्याने पुष्कळ गैरसमज झाले. मराठीत ते शब्द निराळे आहेत. खुद्द स्टॉलमन यांनी १९८५ च्या सुमारास आपल्या ‘ईमॅक्स’ या सॉफ्टवेअरची चुंबकीय फीत १५० डॉलरला विकली. ज्यांना ते अन्य मार्गाने मिळत होते, त्यांस काहीच द्यावे लागत नसे. पैसे घेतले जात ते फीत तयार करून घरपोच पाठविण्याचे.

१९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’ प्रसिद्ध केले. त्याच्या आधारावर रेड हॅट या कंपनीने जो व्यवसाय उभारला, त्यात ग्राहक परवान्याचे मूल्य देत नाही, वर्गणी देतो. त्या बदल्यात त्याला पारखून घेतलेली आवृत्ती, दोष आढळताच दुरुस्ती आणि अडचणीच्या वेळी तज्ज्ञांचे साहाय्य मिळते. २०१९ साली ही कंपनी सुमारे ३४ अब्ज डॉलरना विकत घेतली गेली. घेणारी कंपनी होती आयबीएम! प्रतीचे मोल शून्यावर आले, तरी जबाबदारीचे मोल उतरले नाही, हा याचा अर्थ होय.

परंतु ही जबाबदारी कोणीच उचलली नाही तर काय होते? ‘ओपन एसएसएल’ हे मुक्त सॉफ्टवेअर इंटरनेटवरील गुप्त संदेशांचे रक्षण करते. जगातील असंख्य संस्था ते विनामूल्य वापरीत होत्या. त्याच्या देखभालीसाठी मात्र वर्षाकाठी जेमतेम २,००० डॉलरच्या देणग्या येत. २०१४ च्या एप्रिलमध्ये त्यात ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष उघडकीस आला. एक संगणक दुसऱ्याला एखादा लहानसा शब्द पाठवून तो परत मागतो, हा जागेपणा तपासण्याचा साधा विधी. शब्द खरोखर किती लांब आहे याची पडताळणी करणे राहून गेले होते. त्यामुळे शब्द लहान पाठवून लांबी मोठी सांगितली, की समोरचा संगणक आपल्या स्मृतीतील पुढचा मजकूर, प्रसंगी लोकांचे परवलीचे शब्दही, देऊन टाकी. दोन वर्षे हा दोष कोणाच्या लक्षात आला नव्हता. संहिता सर्वांना खुली होती. ती वाचण्याचे काम मात्र कोणाकडे नेमून दिलेले नव्हते. त्यानंतरच मोठ्या कंपन्यांनी अशा सॉफ्टवेअरच्या देखभालीसाठी एकत्र निधी उभारला.

भारतालाही हा धडा उपयोगी आहे. २०१५ साली केंद्र सरकारने शासकीय कामात मुक्त स्वरूपाच्या सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. केरळने शाळांसाठी असे सॉफ्टवेअर स्वीकारले, त्याबरोबर शिक्षकांच्या प्रशिक्षणाचीही व्यवस्था केली. परवान्याचा खर्च वाचतो, तो सर्वच्या सर्व शिल्लक म्हणून धरता येत नाही. त्यातील काही वाटा शिकविणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या आणि संहिता डोळ्यांत तेल घालून वाचणाऱ्या माणसांसाठी राखून ठेवावा लागतो.