संगणकावरील ताललेखन

संगणकावरील ताललेखन म्हणजे तालाचे बोल, मात्रा व विभाग साध्या मजकुराच्या रूपात टंकून नोंदविण्याची रीत होय. मराठीत या लेखनाला मुख्यतः पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या लिपीचा आधार आहे. तीत समेला ×, खालीला ०, पुढील टाळ्यांना २, ३ असे अंक आणि दोन विभागांमध्ये उभी रेघ देतात. एका मात्रेत अनेक अक्षरे असल्यास त्यांच्याखाली चंद्रकोरीसारखा कंस काढतात. हा कंस नेहमीच्या कळफलकावर सहज मिळत नाही आणि खरी अडचण तेथेच आहे. एकतालाचा ठेका पाहावा :

धिं धिं | धागे तिरकिट | तू ना | क त्ता | धागे तिरकिट | धी ना

हा ठेका १२ मात्रांचा आहे. येथे कंसाचे काम मोकळ्या जागेने केले आहे. जोडून लिहिलेली अक्षरे एकाच मात्रेची. ‘धागे’मध्ये प्रत्येक अक्षराला अर्धी, तर ‘तिरकिट’मध्ये पाव मात्रा मिळते. टंकताना सर्व अक्षरे सुटी पडली, तर हाच ठेका २० मात्रांचा भासतो आणि नवशिका विद्यार्थी समेवर येऊच शकत नाही. असमान वाटणीसाठी अवग्रह योजतात : ‘धाऽऽगे’ यात ‘धा’ पाऊण मात्रेचा, ‘गे’ पाव मात्रेचा.

१९९६ साली सुरू झालेल्या लिलीपाँड या मुक्त संगणकप्रणालीत मात्रेची वाटणी न करता प्रत्येक स्वरनामापुढे त्याचा काळ अंकाने लिहितात. ४ म्हणजे पूर्ण स्वराचा चतुर्थांश. तो एक मात्रा मानल्यास ‘धागे’साठी दोनदा ८ आणि ‘तिरकिट’साठी चारदा १६ हा काळ येतो. अंक गाळल्यास मागचाच काळ पुढे चालू राहतो. यात टंकनाचे श्रम वाचतात. मात्र मूळ मजकुरात मात्रा कोठे संपली, हे वाचकाला मोजूनच काढावे लागते.