पतंग एकाचा, फिरकी दुसऱ्याच्या हाती

खालिद हुसैनी यांची ‘द काईट रनर’ ही कादंबरी २००३ साली प्रसिद्ध झाली आणि पुढे मराठीतही आली. काबूलमधल्या श्रीमंत पश्तून घरातला अमीर आणि त्याच घरच्या नोकराचा हजारा मुलगा हसन यांच्या मैत्रीची ही गोष्ट आहे. वाचून झाल्यावर बहुतेकांच्या मनात राहतो तो अमीरने केलेला दगा. पण ही मैत्री कोणत्या अटींवर उभी होती हे तपासले, तर त्या दग्याचे फारसे नवल वाटत नाही. एकाने हुकूम करायचा आणि दुसऱ्याने झेलायचा, हे त्या दोघांच्या जन्माआधीच ठरून गेले होते.

पश्तून कोण, हजारा कोण

अफगाणिस्तानच्या सत्तेवर अठराव्या शतकापासून प्रामुख्याने पश्तून घराणी राहिली. पश्तून बहुतांशी सुन्नी असून त्यांची भाषा पश्तो. हजारा लोकांचा मूळ मुलूख देशाच्या मध्यभागातला डोंगराळ हजाराजात आणि त्यातले बामियान. त्यांची बोली फारसीच्या कुळातली हजारगी. ते बहुसंख्य शिया आहेत आणि त्यांची चेहरेपट्टी मध्य आशियाई वळणाची आहे. म्हणजे पंथ वेगळा, चेहरा वेगळा आणि सत्तेत वाटा नाही. चेहरा तर लपवताही येत नाही. म्हणूनच कादंबरीतल्या शिव्या हसनच्या नाकाडोळ्यांवरून दिल्या जातात.

दुरावा कुठून आला

या भेदाला राजकीय इतिहास आहे. अमीर अब्दुर रहमान खानाने (राजवट १८८० ते १९०१) हजाराजात आपल्या अमलाखाली आणण्यासाठी मोहिमा काढल्या. १८९१ ते १८९३ या काळात हजारा लोकांनी मोठे उठाव केले. ते मोडून काढताना सुन्नी मौलवींकडून शियांविरुद्ध जिहादचे फतवे मिळवण्यात आले. असंख्य लोक मारले गेले, अनेकांना गुलाम म्हणून विकण्यात आले आणि त्यांची कुरणे पश्तून भटक्या टोळ्यांना देण्यात आली. जे निसटले त्यांतले बरेच क्वेट्टा आणि मशहदकडे गेले. गुलामगिरी कायद्याने बंद झाली ती १९२०च्या दशकात, अमानुल्ला खानाच्या काळात. त्यानंतरही काबूलमध्ये हजारा माणूस दिसे तो बहुधा हमाल, नोकर किंवा मजूर म्हणून.

कादंबरीतल्या अमीरला हा इतिहास शाळेत कळत नाही. तो त्याला दिवंगत आईच्या एका जुन्या पुस्तकात सापडतो. ते पुस्तक तो शिक्षकांना दाखवतो, तर ते नाक मुरडतात. द्वेष न शिकवताही अज्ञान कसे जपले जाते, हे हुसैनी या छोट्या प्रसंगातून दाखवतात.

बंगला आणि खोपी

अमीर राहतो वजीर अकबर खान या उच्चभ्रू वस्तीतल्या बंगल्यात, तर हसन आणि त्याचा बाप अली बागेच्या टोकाला मातीच्या खोपीत. सकाळी हसन अमीरचा नाश्ता तयार करतो आणि त्याचे कपडे काढून ठेवतो. अमीर शाळेत जातो. हसन निरक्षर राहतो. दुपारी टेकडीवरच्या डाळिंबाच्या झाडाखाली अमीर त्याला ‘शाहनामा’तल्या रुस्तम आणि सोहराबची कथा वाचून दाखवतो. या दुपारी खरोखर सुखाच्या आहेत. पण त्यांतही अमीर मधूनच एखाद्या कठीण शब्दाचा मुद्दाम चुकीचा अर्थ सांगतो आणि मनातल्या मनात हसतो.

पतंगाच्या खेळातही हाच क्रम चालतो. पतंग अमीर उडवणार, फिरकी हसन धरणार आणि कटलेल्या पतंगामागे धावणार तोही हसनच. हसनच्या मनात अमीर मित्र आहे. अमीर मात्र दुसरी मुले खेळायला आली की हसनला बोलावत नाही, आणि हसनला मित्र म्हणायलाही त्याची जीभ रेटत नाही.

एका दुधाचे, एका रक्ताचे

दोन्ही मुलांना आईचे दूध मिळाले नाही. अमीरची आई बाळंतपणात गेली, हसनची आई त्याला टाकून निघून गेली. दोघांना पाजले ते एकाच हजारा दाईने. इस्लामी परंपरेत दूधभावाचे नाते नुसते मानलेले नसते; लग्नसंबंधांच्या बाबतीत ते सख्ख्या नात्यासारखे धरले जाते. पुढे तर उलगडते की हसन हा अमीरच्या बाबांचाच मुलगा. चोरी हेच एकमेव पाप असे सांगणाऱ्या बाबांनी अलीची अब्रू आणि हसनची ओळख दोन्ही चोरलेली असतात. हसनचा फाटलेला ओठ दुरुस्त करायला ते सर्जन आणतात, पण त्याला मुलगा म्हणू शकत नाहीत. त्यांचे प्रेम खरे असूनही त्या समाजाच्या रचनेपुढे ते लंगडे पडते.

गल्लीतला दिवस

१९७५च्या हिवाळ्यात अमीर पतंगाची स्पर्धा जिंकतो. त्याच्यासाठी निळा पतंग आणायला गेलेल्या हसनवर गल्लीत आसिफ अत्याचार करतो. आसिफला अफगाणिस्तान फक्त पश्तूनांचा हवा असतो. हिटलरचे गोडवे गाणाऱ्या या मुलाची आई जर्मन आहे, म्हणजे शुद्ध वंशाचा पुकारा करणारा स्वतःच मिश्र वंशाचा.

आसिफ ओळखायला सोपा आहे. कठीण आहे तो कोपऱ्यामागे उभा राहून सगळे पाहणारा अमीर. तो भित्रा आहे हे खरे, पण त्या क्षणी हसन शेवटी हजारा आहे, हा विचारही त्याच्या मनाला शिवून जातो. पुढे हसनचे तोंड पाहणे नको म्हणून तो त्याच्या गादीखाली पैसे आणि घड्याळ ठेवून चोरीचा आळ घेतो. हसन न केलेली चोरी कबूल करतो आणि अली त्याला घेऊन घर सोडतो. आसिफच्या द्वेषाला जे जमले नाही, ते घरातल्या मित्राने केले.

घर राखणाऱ्याचा शेवट

अमीर आणि बाबा पुढे अमेरिकेला निघून जातात. अनेक वर्षांनी बाबांचे मित्र रहीम खान हसनला बामियानजवळच्या खेड्यातून परत आणतात. बंगला मोकळा असूनही हसन आणि त्याची बायको खोपीतच राहण्याचा आग्रह धरतात. नंतर रहीम खान पेशावरला गेले असताना तालिबान घर बळकावायला येतात. हजारा माणूस एवढ्या मोठ्या घरात राहूच कसा शकतो, असे म्हणून हसनला रस्त्यावर गोळी घालतात. त्याची बायकोही मारली जाते. ऑगस्ट १९९८ मध्ये तालिबानने मजार-ए-शरीफ घेतले, तेव्हा हजारा नागरिकांना घराघरांतून शोधून मारले होते. ती बातमीही कादंबरीत येते.

एक वाक्य, सव्वीस वर्षांनंतर

हसनचा मुलगा सोहराब याला अमीर आसिफचा मार खाऊन सोडवतो आणि अमेरिकेत आणतो. जेवणाच्या टेबलावर सासरे जनरल ताहिरी विचारतात की घरात हजारा मुलगा कशाला, लोकांना काय सांगायचे? अमीर बाबांचे गुपित सर्वांसमोर उघड करतो आणि बजावतो की या मुलाला नाव आहे, त्याला पुन्हा हजारा मुलगा म्हणायचे नाही. आसिफकडून मार खाण्याइतकेच धैर्य या वाक्याला लागले असेल, कारण इथे समोर शत्रू नसून घरचीच माणसे आहेत.

हसनचा आवाज

कादंबरीची मर्यादाही इथेच आहे. निवेदन पश्तून अमीरचे आहे. मोठेपणी लिहा-वाचायला शिकलेल्या हसनचा थेट आवाज येतो तो एका पत्रापुरता. तो कधी रागावत नाही, काही मागत नाही, आणि त्याचे मरण अमीरला प्रायश्चित्ताची वाट दाखवते. इतकी निरपवाद निष्ठा वाचकाला हलवते, पण तिच्यापायी हसनचा माणूस म्हणून असलेला कोपरा अंधारात राहतो.

२००७च्या चित्रपटाने हा विषय किती जिवंत आहे ते दाखवले. अत्याचाराच्या दृश्यामुळे बाल कलाकारांच्या जिवाला धोका निर्माण होईल, या भीतीने प्रदर्शन लांबवून मुलांना देशाबाहेर संयुक्त अरब अमिरातीत हलवावे लागले. २००८च्या सुरुवातीला अफगाण सरकारने चित्रपटावर बंदी घातली.

सोबत काय वाचावे

नजफ मजारी या हजारा लेखकाने रॉबर्ट हिलमन यांच्यासोबत लिहिलेल्या ‘द हनी थीफ’मध्ये हजारा घरांतल्या कथा आहेत, तिथली माणसे रागावतात, हट्ट करतात, कुणाच्या प्रायश्चित्तासाठी जगत नाहीत. इटालियन लेखक फाबियो जेदा यांनी एनायतुल्ला अकबरी या हजारा तरुणाची खरी हकिगत २०१०च्या पुस्तकात सांगितली आहे. पश्तून व्यापाऱ्यांचा ट्रक चालवताना त्याचे वडील मारले जातात आणि बुडालेल्या मालाच्या भरपाईपोटी व्यापारी मुलांवर हक्क सांगतात. काबूलच्या दश्त-ए-बारची या हजाराबहुल भागात २०२१ मध्ये मुलींच्या शाळेवर आणि २०२२ मध्ये शिकवणी केंद्रावर भीषण हल्ले झाले. त्यामुळे ही पुस्तके जुन्या काळाची म्हणून बाजूला ठेवता येत नाहीत. ‘द काईट रनर’ अमीरच्या अपराधाची गोष्ट म्हणून उत्तम आहे. हसनची गोष्ट हवी असेल, तर ती हजारा माणसांनी सांगितलेल्या पुस्तकांतच शोधावी लागेल.