आडनावांचा प्रवास : लेखांक ९ – वॉशिंग्टन

वॉशिंग्टन हे इंग्लंडच्या ईशान्य भागातल्या एका गावावरून पडलेले आडनाव. बाराव्या शतकात ते एका सरंजामदार घराण्याने लावले, सतराव्या शतकात त्या घराण्याची एक शाखा अमेरिकेत गेली आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस याच शाखेतले जॉर्ज वॉशिंग्टन अमेरिकेचे पहिले अध्यक्ष झाले. पुढे राजधानीला, एका राज्याला आणि असंख्य गावांना, रस्त्यांना हे नाव मिळाले. मात्र आज अमेरिकेत हे आडनाव लावणाऱ्या दर दहा माणसांपैकी जवळपास नऊ कृष्णवर्णीय आहेत. तिथल्या सर्रास आढळणाऱ्या आडनावांपैकी दुसऱ्या कशातही हे प्रमाण इतके मोठे नाही. जमीनदाराच्या मालकीतून जन्मलेले आडनाव मुख्यतः गुलामांच्या वंशजांचे कसे झाले, हे समजून घेण्यासाठी मुळापासून सुरुवात करावी लागते.

गाव आणि घराणे

इंग्रजी आडनावांचे ढोबळ मानाने चार वर्ग पडतात : व्यवसायावरून आलेली (स्मिथ, टेलर), बापाच्या नावावरून आलेली (जॉन्सन, विल्सन), रंगरूप किंवा गुणांवरून आलेली (ब्राउन, आर्मस्ट्राँग) आणि ठिकाणावरून आलेली. वॉशिंग्टन चौथ्या वर्गातले. मराठीत गावाच्या नावाला ‘कर’ जोडून आडनाव होते. नॉर्मन काळातल्या इंग्लंडमध्ये गावाच्या आधी ‘द’ हा फ्रेंच शब्द येई आणि त्याचा अर्थ ‘अमुक ठिकाणचा’ असा होई. पुढे तो गळून पडला आणि नुसते गावाचे नाव आडनाव म्हणून उरले.

गावाचे नाव अँग्लो-सॅक्सन काळातले आहे. त्याचा पहिला भाग ह्वासा या व्यक्तिनावाचा मानला जातो, मधला भाग त्याच्या माणसांचा निर्देश करतो आणि शेवटचा ‘टून’ म्हणजे शेतवाडी किंवा वस्ती. दक्षिणेकडे ससेक्समध्येही वॉशिंग्टन नावाचे एक गाव आहे, पण अमेरिकेच्या पहिल्या अध्यक्षांचे घराणे डरहॅमकडच्या गावचे. हे गाव आज संडरलँड शहराच्या हद्दीत आहे.

इंग्लंड जिंकल्यावर नॉर्मन राजाने १०८६ मध्ये देशाची जमीनमोजणी करवली, ती ‘डूम्सडे बुक’ म्हणून प्रसिद्ध आहे. तिच्यात डरहॅमचा प्रदेश नाही. तिथला बिशप जवळजवळ राजासारखे अधिकार बाळगून होता. ह्यू द प्विझे या बिशपने ११८३ मध्ये आपल्या जमिनींची वेगळी नोंदवही करवली, तिला ‘बोल्डन बुक’ म्हणतात. या नोंदवहीनुसार विल्यम द हर्टबर्न नावाच्या माणसाने हर्टबर्न हे गाव बिशपला सोडले, त्याच्या बदल्यात वॉशिंग्टन घेतले आणि त्यापोटी चार पौंडांचा वार्षिक सारा तो देत होता. गाव बदलले तसे त्याचे नावही बदलले : विल्यम द हर्टबर्नचा तो विल्यम द वेसिंग्टन झाला. आडनाव अजून व्यक्तीला कायमचे चिकटलेले नव्हते, ते जमिनीबरोबर बदलत होते, याचे हे उत्तम उदाहरण आहे. पुढच्या दोन शतकांत मात्र ते वंशपरंपरागत झाले. वेसिंग्टन, वॅसिंग्टन, वेशिंग्टन अशी त्याची वेगवेगळी रूपे जुन्या दस्तऐवजांत सापडतात.

घराण्यातला एक जण, जॉन वेसिंग्टन, १४१६ ते १४४६ अशी तीस वर्षे डरहॅमच्या बेनेडिक्टाइन मठाचा प्रमुख होता. मुख्य शाखेला मात्र चौदाव्या शतकाच्या अखेरीस पुरुष वारस उरला नाही आणि गाव मुलीच्या सासरी गेले. मूळ गाव हातातून गेल्यावरही आडनाव टिकले, कारण तोवर धाकट्या शाखा इतरत्र पसरल्या होत्या. अशा एका शाखेने लँकाशरमधल्या वॉर्टन गावी बस्तान बसवले. घराण्याचे कुलचिन्ह, म्हणजे पांढऱ्या ढालीवर दोन तांबडे आडवे पट्टे आणि वर तीन तांबडे तारे, तिथल्या चर्चच्या मनोऱ्यावर कोरलेले होते. हेच चिन्ह आज अमेरिकेच्या राजधानीच्या ध्वजावर आहे. तो ध्वज १९३८ मध्ये स्वीकारला गेला. अमेरिकेचा राष्ट्रध्वजही याच चिन्हावरून आला अशी समजूत लोकप्रिय आहे, पण तिला पुराव्याचा आधार नाही.

वॉर्टनच्या शाखेतला लॉरेन्स वॉशिंग्टन लोकरीच्या व्यापारासाठी नॉर्थॅम्प्टनला आला, दोनदा तिथला महापौर झाला आणि १५३९ मध्ये त्याने सलग्रेव्हची जहागीर विकत घेतली. आठव्या हेन्रीने मठ बरखास्त करून त्यांच्या जमिनी विकायला काढल्या होत्या. सलग्रेव्ह त्यांपैकीच एक. लॉरेन्सने बांधलेला वाडा आज संग्रहालय आहे.

अमेरिकेत

सलग्रेव्हच्या लॉरेन्सचा एक वंशज, त्याचेही नाव लॉरेन्सच, एसेक्समधल्या पर्ली गावी धर्मगुरू होता. राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी पेटल्यावर १६४३ मध्ये पार्लमेंटच्या पक्षाने त्याला पदावरून काढले आणि कुटुंब विपन्नावस्थेत गेले. त्याचा मुलगा जॉन एका व्यापारी जहाजावर नोकरी धरून १६५७ च्या सुमारास व्हर्जिनियात पोचला. जहाज पोटोमॅक नदीत रुतले आणि जॉन तिथेच राहिला. नथॅनियल पोप या सधन जमीनदाराच्या मुलीशी त्याचे लग्न झाले, सासऱ्याने सातशे एकर जमीन दिली आणि तंबाखूच्या शेतीतून घराणे पुन्हा वर आले. जॉर्ज वॉशिंग्टन हे या जॉनचे पणतू.

तंबाखूची शेती आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या श्रमांवर चालत असे. जॉर्ज अकरा वर्षांचे असताना, १७४३ मध्ये, वडील वारले आणि वारसाहक्काने दहा गुलाम त्यांच्या मालकीचे झाले. १७९९ मध्ये ते वारले तेव्हा माउंट व्हर्नन या त्यांच्या मळ्यावर ३१७ गुलाम होते. त्यांतले १२३ त्यांच्या स्वतःच्या मालकीचे होते. उरलेल्यांपैकी बहुतेक पत्नी मार्था यांच्या पहिल्या पतीच्या मालमत्तेतले, तर काही भाड्याने घेतलेले. आपल्या मालकीच्या गुलामांना मार्थाच्या मृत्यूनंतर मुक्त करावे असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवले. मार्थाने १ जानेवारी १८०१ रोजी, आपल्या हयातीतच, त्यांना मुक्त केले. पहिल्या पतीच्या मालमत्तेतले गुलाम मात्र वारसांकडे गेले.

जॉर्ज यांना स्वतःचे मूल नव्हते. त्यांच्या भावांचा वंश चालला आणि व्हर्जिनियात वॉशिंग्टन घराण्याच्या अनेक शाखा होत्या, तरीही या आडनावाचे गोरे लोक संख्येने कधीच फार नव्हते.

मुक्ती आणि आडनाव

गुलामांची नोंद मालमत्ता म्हणून होत असे. १८५० आणि १८६० च्या जनगणनांत त्यांच्यासाठी वेगळे तक्ते होते. त्यांत मालकाचे नाव आणि त्याखाली प्रत्येक गुलामाचे वय, लिंग आणि रंग लिहिला जाई. गुलामाचे नाव लिहिले जात नसे. मालकांच्या वह्यांत नाव असेच तर ते बहुधा एकेरी. यावरून गुलामांना आडनावेच नव्हती असा समज दीर्घकाळ होता. इतिहासकार हर्बर्ट गटमन यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबाच्या इतिहासात तो खोडून काढला. अनेक गुलाम कुटुंबे आपापसांत आडनावे वापरत, ती पुढच्या पिढीला देत आणि मालकांपासून लपवून ठेवत. मुक्तीनंतर प्रत्येकाने शेवटच्या मालकाचे आडनाव उचलले, हेही खरे नाही. पुष्कळांनी जुन्या, कधी दोन-तीन पिढ्यांपूर्वीच्या मालकाचे आडनाव धरले, कारण विक्रीमुळे ताटातूट झालेल्या आईबापांशी आणि भावंडांशी नाते सांगण्याचे तेवढेच साधन होते.

१८६० मध्ये अमेरिकेत सुमारे ४० लाख गुलाम होते. १८६५ मध्ये घटनेच्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी संपली आणि आडनाव ही रोजच्या व्यवहाराची गरज झाली. सैन्यात भरती होताना, लग्नाची नोंद करताना, मजुरीचा करार करताना, बँकेत खाते उघडताना ते सांगावे लागे. सर्व कृष्णवर्णीयांची नावानिशी नोंद करणारी पहिली जनगणना १८७० ची. गुलामगिरी संपवणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना महात्मा फुल्यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला तो १८७३ मध्ये. म्हणजे ज्या काळात हे मुक्त लोक सरकारदरबारी प्रथमच आपले पूर्ण नाव सांगत होते, त्याच काळात.

वॉशिंग्टन हे आडनाव त्यांच्याकडे तीन वाटांनी आले. पहिली वाट प्रत्यक्ष मालकीची : वॉशिंग्टन घराण्याच्या निरनिराळ्या शाखांकडे मिळून शेकडो गुलाम होते. माउंट व्हर्ननवरचा हॅरी हा गुलाम स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात पळून ब्रिटिशांना मिळाला. १७८३ मध्ये ब्रिटिश न्यूयॉर्क सोडून गेले तेव्हा त्यांच्याबरोबर नोव्हा स्कोशियाला गेलेल्या सुमारे तीन हजार कृष्णवर्णीयांच्या यादीत त्याची नोंद आहे. तिथून १७९२ मध्ये तो आफ्रिकेत, सिएरा लिओनला पोचला. इतिहासात तो हॅरी वॉशिंग्टन म्हणूनच ओळखला जातो.

दुसरी वाट राष्ट्रपुरुषाच्या नावाची. एकोणिसाव्या शतकात जॉर्ज वॉशिंग्टन यांच्याइतके पूज्य नाव अमेरिकेत दुसरे नव्हते. ते लावणे म्हणजे या राष्ट्रावर आपलाही हक्क आहे, असे जाहीर करणे होते. तिसरी वाट व्यक्तिनावाची. स्वातंत्र्यानंतर वॉशिंग्टन हे गोऱ्यांमध्येही मुलांचे पहिले नाव म्हणून रूढ झाले. १७८३ मध्ये जन्मलेले लेखक वॉशिंग्टन आयर्विंग हे त्याचे उदाहरण. गुलामांमध्येही ते नाव ठेवले जाई आणि बापाचे नाव मुलाचे आडनाव होई.

या वाटा एकमेकींत कशा मिसळतात ते बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या चरित्रात दिसते. ते व्हर्जिनियात १८५६ मध्ये गुलाम म्हणून जन्मले. मुक्तीनंतर शाळेत गेले तेव्हा हजेरीत इतर मुलांची दोन-दोन नावे त्यांनी ऐकली; आपले मात्र एकच होते. शिक्षकांनी पूर्ण नाव विचारताच त्यांनी शांतपणे ‘बुकर वॉशिंग्टन’ असे सांगितले. त्यांच्या सावत्र वडिलांचे पहिले नाव वॉशिंग्टन होते. आईने आपले नाव ‘बुकर टॅलिआफेरो’ ठेवले होते हे त्यांना नंतर कळले आणि तो शब्द त्यांनी मधल्या नावात सामावून घेतला. हा प्रसंग त्यांनी १९०१ च्या आत्मचरित्रात सांगितला आहे. आपले नाव आपण निवडण्याचा अधिकार फार थोड्यांना मिळतो, असे त्यांना वाटे. १८८१ मध्ये ते टस्कीगीच्या संस्थेचे प्रमुख झाले आणि १८९६ मध्ये त्यांनी तिथे एका तरुण शास्त्रज्ञाला बोलावले. वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’ या पुस्तकामुळे हे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर मराठी वाचकांच्या घरोघरी पोचले. त्यांचे आडनाव मालक मोझेस कार्व्हर यांचे, तर मधले नाव पहिल्या अध्यक्षांचे. पहिली आणि दुसरी वाट या एकाच नावात एकत्र आली आहे.

आजची लोकसंख्या

अमेरिकेच्या २००० च्या जनगणनेत १,६३,०३६ लोकांचे आडनाव वॉशिंग्टन होते आणि देशातल्या आडनावांत त्याचा क्रमांक १३८ वा होता. त्यांतले सुमारे ९० टक्के कृष्णवर्णीय होते आणि गोरे सुमारे ५ टक्के. २०१० मध्ये संख्या १,७७,३८६ झाली, क्रमांक १४५ वर आला आणि कृष्णवर्णीयांचे प्रमाण ८७.५ टक्के राहिले. तुलनेसाठी २००० चेच आकडे पाहता येतील : जेफरसन आडनावाच्या लोकांत कृष्णवर्णीय सुमारे ७५ टक्के, जॅक्सनमध्ये ५३, विल्यम्समध्ये ४७ आणि स्मिथमध्ये २२.

या फरकाचे कारण गोऱ्यांच्या मूळ संख्येत आहे. स्मिथ, विल्यम्स ही आडनावे मुक्त झालेल्या लाखो लोकांनी लावली, पण त्याच आडनावांचे गोरेही लाखोंनी होते. वॉशिंग्टन हे इंग्लंडमध्येच विरळ आडनाव. तिथून अमेरिकेत आलेले घराणे लहान. त्यामुळे मुक्त लोकांनी ते घेताच गोरे धारक अल्पसंख्य झाले.

सुरुवातीला हे आडनाव मुख्यतः दक्षिणेकडच्या राज्यांत होते. १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय दक्षिणेतून उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांत गेले आणि त्यांच्याबरोबर ते शिकागो, न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस अशा महानगरांत पोचले. १९४६ मध्ये केनी वॉशिंग्टन यांनी अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक संघांतली वर्णबंदी मोडली. १९७५ मध्ये वॉल्टर वॉशिंग्टन राजधानीचे लोकनियुक्त महापौर झाले, तर १९८३ मध्ये हॅरल्ड वॉशिंग्टन शिकागोचे पहिले कृष्णवर्णीय महापौर. चित्रपटांत डेन्झेल वॉशिंग्टन यांनी हे आडनाव जगभर पोचवले. गायिका डायना वॉशिंग्टन यांचे खरे नाव रूथ जोन्स. त्यांनी ते रंगमंचासाठी घेतले होते.

वंशावळ शोधताना

वॉशिंग्टन या आडनावावरून पहिल्या अध्यक्षांशी रक्ताचे नाते सिद्ध होत नाही, आणि पूर्वज त्यांच्या मळ्यावर होते असेही ठरत नाही. कृष्णवर्णीय कुटुंबांचा माग काढणारे १८७० च्या जनगणनेपर्यंत सहसा पोचतात. त्यामागे नावेच नसल्यामुळे वाट अडते. ती ओलांडण्यासाठी दुसरे दस्तऐवज चाळावे लागतात : मुक्त लोकांसाठी १८६५ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी विभागाची विवाह आणि करारांची कागदपत्रे, फ्रीडमन्स बँकेच्या नोंदवह्या, सैन्यातले निवृत्तिवेतनाचे अर्ज आणि मालकांची मृत्युपत्रे. बँकेच्या वह्यांत तर खातेदाराचे आईबाप, भावंडे आणि कधी जुन्या मालकाचेही नाव लिहिलेले सापडते. अशा नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्यावरच एखाद्या कुटुंबाकडे हे आडनाव मालकाकडून आले, बापाकडून आले की स्वतः निवडले गेले, याचा उलगडा होतो.

(क्रमशः)